रविवारची डोकेदुखी

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सर्जेरावांची पिकअप थांबायची आणि हॉर्न वाजायचा. तो ऐकला की माधवी हातातलं काय असेल ते टाकून उठायची. पुस्तक उघडं, पेन उघडं, पंखा चालू. "नाना, आबा आले, जाते मी," एवढं ओरडेपर्यंत ती निम्मा जिना उतरलेली असायची. मी खिडकीशी उभा राहायचो. खाली ती पुढच्या सीटवर चढताना दिसायची आणि दार लागायच्या आत तिचं हसणं वरपर्यंत यायचं. माझ्या घरात ती तशी कधी हसली नव्हती.

मी तिचा आईकडचा आजोबा, सर्जेराव वडिलांकडचे. माझी मुलगी अनिता त्यांच्या गोकुळला दिली. इंदापूर तालुक्यात निरवांगीला त्यांची डाळिंबाची बाग आहे, थोडी वांगी-टोमॅटो आणि तीन म्हशी. शनिवारी भाजी घेऊन ते बारामतीच्या मार्केट यार्डात यायचे आणि परत जाताना नातीला न्यायचे. माधवी दहावीपर्यंत तिकडंच शिकली. अकरावीला तिला बारामतीच्या कॉलेजात घातलं, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावला आणि राहायला माझ्याकडे ठेवलं.

माझी पत्नी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. एका ग्रंथालयात एकतीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालो. समोरच्या माणसाशी काय बोलावं हे मला आयुष्यभर पटकन सुचलेलं नाही. सुचतं ते माणूस निघून गेल्यावर. सोळा वर्षांची मुलगी घरात येणार म्हटल्यावर मला आनंद झाला, पण त्याहून जास्त धास्ती वाटली. आणि ती खरी ठरली. मुलगी गुणी होती. "हो नाना", "नको नाना", "जेवले नाना". त्यापुढे आमची गाडी सरकत नसे. मात्र संध्याकाळी सर्जेरावांचा फोन आला की बाहेरच्या खोलीत वेगळीच माधवी बोलायची. "व्हय आबा. न्हाय ओ. म्हशीनं लाथ मारली? मग तुमालाच का मारतीया ती, आजीला का न्हाय मारत?" आणि मग ते हसणं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला असायचो. पान उलटलं जात नसे.

या वयात आपल्या व्याह्याचा मत्सर करावा, तोही नातीवरून, हे शोभणारं नाही. मला ते कळत होतं. कळल्यामुळे तो कमी झाला, असं मात्र झालं नाही.

बारावीचं वर्ष सुरू झालं. जुलैतल्या एका संध्याकाळी ती क्लासवरून आली तीच पेंगत. दुसऱ्या दिवशी टेस्ट होती. ग्रंथालयात असताना मी मागच्या खोलीत स्टोव्हवर स्वतःपुरती कॉफी करायचो. कपात पावडर आणि साखर घ्यायची, चार थेंब पाणी घालून चमच्यानं फिकट होईपर्यंत फेटायची, मग वरून उकळतं दूध ओतायचं. कधी कुणाला दिली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. त्या दिवशी तिला करून दिली. तिनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"नाना, कसली भारी झालीये! आबांना तर चहापण धड येत नाही. परवा त्यांनी मीठ घातलं."

मीही हसलो. त्या एका वाक्यावर मी पुढचे दोन महिने जगलो, असं म्हटलं तरी चालेल.

त्यानंतर पाच वाजता कॉफी ठरून गेली. ती समोर बसायची आणि बोलायची. क्लासमधले सर कसे दर वाक्याला "समजलं का बाळांनो" म्हणतात, मैत्रिणीनं केस कसे कापून घेतले, सगळं. मग जेवणानंतरचा एक कप आला. मग सकाळी क्लासला जाण्याआधीचा. मग रात्रीसाठी मी थर्मास भरून टेबलावर ठेवू लागलो. "नाना, जरा कडक करा ना," असं ती म्हणे आणि मी खुशीनं चमचा वाढवी. ऑगस्टपर्यंत दिवसाला पाच कप झाले होते, कधी सहा, आणि प्रत्येकात दोन चमचे, तेही शिगोशीग. जागरण करून ती शिकते याचा मला अभिमान होता. तिला झोप येतच नाही हे मला दिसत होतं, पण मी त्याला जिद्द हे नाव दिलं होतं.

त्याच सुमाराला निरवांगीला तिचं डोकं दुखू लागलं.

तिथं घरात कॉफी नसायचीच. जयवंताबाई, म्हणजे सर्जेरावांच्या पत्नी, पोरींना चहासुद्धा देत नसत. पोरींनी दूध प्यावं, असा त्यांच्या घरचा जुना नेम. एका रविवारी दुपारी अनिताचा फोन आला. "नाना, हिचं डोकं सकाळपासून ठणकतंय. अंधार करून पडलीये. कुणाशी बोलेना, आबांवर पण खेकसली." सोमवारी सकाळी माधवी एसटीनं आली. चेहरा उतरलेला, डोळे बारीक झालेले. दप्तर न उतरवताच म्हणाली, "नाना, कॉफी." अर्ध्या तासात ती ताजीतवानी झाली.

"इथं आलं की बरं वाटतं बघा मला," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शनिवारी हसत गेलेली मुलगी सोमवारी कण्हत यायची आणि माझ्या घरात बरी व्हायची. याचा अर्थ मी काय लावला असेल? मला वाटलं, तिला तिकडचं आता मानवत नाही. ती माझी झाली आहे. हे मी कुणाला बोललो नाही, पण सोमवारी सकाळी दूध तापवताना मी गुणगुणत असे. मी गुणगुणणारा माणूस नाही.

पण नुसतं वाटून भागेना, मला कारण हवं होतं. कारण शोधायचं तर मला एकच रस्ता माहीत आहे. माझ्या जुन्या ग्रंथालयात जाऊन मी फवारणीच्या औषधांवरची तीन पुस्तकं आणली. पावसाळ्यात डाळिंबावर तेल्या रोग येतो, तो येऊ नये म्हणून सतत फवारावं लागतं, हे मला माहीत होतं. औषधांच्या वासानं डोकं दुखतं, मळमळतं, असं तिन्ही पुस्तकांत होतं. मी पान क्रमांकांसह टिपणं काढली आणि अनिताला फोनवर वाचून दाखवली.

"तुम्ही वाचलंय म्हणजे असणारच," ती काळजीनं म्हणाली. "मग काय करू या?"

"काही रविवार राहू दे इकडेच. बघू फरक पडतो का."

कॉफीवरचं एकही पुस्तक मी काढलं नाही. ते शेजारच्याच कपाटात असणार; कोणत्या कपाटात काय असतं, हे त्या ग्रंथालयात माझ्याइतकं कुणाला माहीत?

सलग तीन रविवार माधवी बारामतीत राहिली. एकदाही डोकं दुखलं नाही. प्रत्येक रविवारी संध्याकाळी मी अनिताला फोन करून तसं कळवलं. माझा आवाज साधा असावा याची मी काळजी घेत होतो.

तिसऱ्या शनिवारी हॉर्न वाजला नाही, जिन्यात पावलं वाजली. सर्जेराव पहिल्यांदाच वर आले. हातात पेरूंची पिशवी. दारातून थेट मोरीकडे गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात धुण्याचा अर्थ मला कळला, आणि मी नजर चुकवली.

"पाव्हणं, पोरगी वाळली की ओ."

"अभ्यास आहे," मी म्हणालो.

"अभ्यासानं एवढं? पुस्तकं माणसाला खात्यात का काय? मग तुमी कसं काय ऱ्हायला हितवर?"

माधवी खदखदून हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी कॉफी करायला आत गेलो आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ फेटत राहिलो. बाहेरून सर्जेरावांचा आवाज आला. "हात का गं कापतोय तुजा? आन् पाय कशापायी हालवत बसलीयास? सगळी खाट हालतीया."

"टेन्शन ओ आबा. काल तर टेस्टमदी छाती एवढी धडधडत हुती, पेपरच दिसंना."

हे तिनं मला सांगितलं नव्हतं. धडधडीपेक्षा मला तेच जास्त लागलं.

सर्जेरावांनी माझ्या कॉफीचा एक घोट घेतला आणि कप लांब धरला. "कडू जहर हाय की. हे पाजता व्हय पोरीला?"

"तिला आवडते," मी म्हणालो. मनात म्हणालो, जळतोय म्हातारा.

गौरीच्या सणाला मात्र तिला पाठवावंच लागलं. अनितानं ऐकलं नाही. गौरी आल्या त्या दिवशी ती गेली. दुसऱ्या दिवशी, गौरी जेवतात त्या दुपारी, मला सर्जेरावांचा फोन आला.

"पाव्हणं, इंदापूरला या. दवाखान्यात आणलंय पोरीला. डोकं लय दुखतंय, दोन उलट्या झाल्या. घाबरू नका, पण या."

एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. आता लिहितोय तर खरं तेच लिहितो. भिगवण चौक मागे पडेपर्यंत मी घाबरलेला होतो. पण त्यानंतर कधीतरी माझ्या मनात आलं, आता तरी सगळ्यांना पटेल. आता ती कायमची माझ्याकडे राहील. पुढच्या सीटवर एक बाई लेकराला मांडीवर निजवत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

सर्जेराव दवाखान्याच्या बाकावर बसले होते. सणाचा पांढरा सदरा अंगात, त्यावर हळदीचा डाग. अनिता आणि गोकुळ आत माधवीजवळ होते. मी शेजारी बसलो तसं ते खाली बघतच बोलू लागले.

"मी तीन आठवडं झालं, फवारणी बंदच ठिवलीया. औषधाचा ड्रम घरामागनं काढला, पार वढ्याकडं नेऊन ठिवला. पोर यायची म्हणून चार दिस आदी सगळं घर धुतलं. तेल्या आला निम्म्या बागंवर. म्हणलं येऊ दे, पोरीपरीस बाग मोठी न्हाय. तरीबी दुखलंच की ओ. आता कशाचं म्हणायचं, तुमीच सांगा. तुमी वाचलंय."

शेवटचे दोन शब्द ते टोमण्यानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते.

आतून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तिशीच्या आतबाहेर. माधवी खाटेवर डोळ्यांवर हात घेऊन पडली होती. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली होती, त्यात काही वावगं नव्हतं. ताप नव्हता. रविवारच्या दुखण्याचं अनितानं आधीच सांगितलं होतं. बाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"झोप किती तास?"

"तीन. कधी चार."

"चहा-कॉफी?"

"कॉफी. एक कप."

"काल-आज घेतलीस?"

"इथं नसते."

"आणि बारामतीला गेलीस की डोकं थांबतं. किती वेळानं?"

"अर्धा तास."

"कशानं थांबतं?"

माधवीनं डोळ्यांवरचा हात काढला. तिनं बाईंकडे नाही, माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. माझ्याआधी कळलं होतं की त्याच क्षणी, कोण जाणे. "एकच कप घेते मी," ती म्हणाली. "नानांना विचारा पाहिजे तर."

ती मला वाचवत होती. बाई माझ्याकडे वळल्या. अनिता, गोकुळ, दारात उभे सर्जेराव, सगळे माझ्याकडे बघत होते. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मुलगी माझ्याकडे राहिली असती, संध्याकाळी पाच वाजता समोर बसून बोलली असती. आणि मला त्या क्षणी ते फार हवं होतं.

"पाच," मी म्हणालो. "कधी सहा. प्रत्येक वेळी दोन दोन चमचे. मी करून देतो. ती मागते त्याहून जास्तच देतो."

माधवीनं पुन्हा डोळे झाकले.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, ते मला जास्त जड गेलं. या वयात दिवसाला एखाद्या लहान कपाच्या पुढे जाऊच नये. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं झोपेच्या वेळीसुद्धा अंगात असतं. धडधड, हातांचा कंप, चिडचिड, परीक्षेत पेपर न दिसणं, हे अभ्यासाचं ओझं असेलही, पण एवढी कॉफी आणि तीन तासांची झोप मिळून ते कितीतरी वाढतं. आणि शरीराला एकदा सवय लागली की ती तुटल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं असंच ठणकतं, मळमळतं. "तिला निरवांगी बाधत नव्हती," त्या म्हणाल्या. "तिथं कॉफी मिळत नव्हती, एवढंच. आता एकदम बंद करू नका. फक्त सकाळी द्या आणि दोन आठवड्यांत कमी कमी करत शून्यावर आणा. आणि हिला झोपू द्या."

बाहेर आल्यावर मी सर्जेरावांना म्हणालो, "तुमच्या बागेचं नुकसान माझ्यामुळं झालं."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"म्हंजी आमच्यात येऊन दुखायचं, ते तुमच्या कॉफीपायी?"

"हो."

"आन् मी काय समजत हुतो, म्हाईत हाय? रोज जयवंताला म्हणायचो, पाव्हण्यानं पोर फिरवली. पुस्तकवाला माणूस, काय गोड बोलून ठिवलंय कुणाला म्हाईत. पोरीला आता आपलं घर नको झालंय." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "चार रात्री जेवलो न्हाय मी. लाज वाटती सांगायला."

इतकी वर्षं या माणसाला कशाची कमतरता आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

गोकुळनं ठरवलं, पंधरा दिवस मुलगी घरीच राहील. क्लासचे धडे मोबाईलवर बघेल. त्यापुढे मुलींचं वसतिगृह. "नाना, राग नाही तुमच्यावर," तो म्हणाला. त्याचा राग नव्हता हे मला दिसत होतं. त्यानं निर्णय बदलला नाही, हेही.

"पण तिला ती कॉफी करायची कशी?" सर्जेराव म्हणाले. "आमच्यात कुणाला येती?"

त्या संध्याकाळी निरवांगीच्या स्वयंपाकघरात मी त्यांना शिकवलं. पावडर किती, साखर किती, फेटायची किती वेळ. ते कप दोन्ही मांड्यांमध्ये धरून, जीव खाऊन फेटत होते. कुणाला येत नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, ती मी सांगून टाकली. सांगताना हातचं राखून ठेवावं असं दोनदा मनात आलं. कसं उतरवत न्यायचं, तो दोन आठवड्यांचा तक्ता मात्र मी माझ्या वहीत केला आणि वही माझ्याबरोबर बारामतीला आणली. एवढं मला स्वतःकडे ठेवायचं होतं.

मग रोज सकाळी साडेसहाला फोन येऊ लागला.

"पाव्हणं, आज किती घालू?"

"दीड चमचा. सपाट. शीग नको."

"काल दुपारी थोडं डोकं दुखलं तिचं. पण रात्री नवाला झोपली ती साडेपाचला उठली."

"वा."

"आन् दूध उतू गेलं बगा काल. जयवंतानं मला हाकललंच हुतं चुलीपासनं."

मागून माधवीचं हसणं यायचं. मला बरं वाटायचं आणि त्याच्या तळाशी ते दुसरंही असायचंच. एक चमचा. पाऊण. अर्धा. ती आठ तास झोपते, नऊ तास झोपते, म्हशीला पाणी पाजते, हात कापत नाही. मी वहीत खुणा करत गेलो. अकराव्या दिवशी वहीत पाव चमचा होता. मी म्हणणार होतो, अर्धाच राहू दे अजून तीन दिवस. कुणाला कळलं नसतं. तीन सकाळी वाढल्या असत्या.

"पाव्हणं? हाय का लायनीवर?"

"पाव," मी म्हणालो. "पाव चमचा."

चौदाव्या दिवशी मी सांगितलं, उद्यापासून नको.

"मग उद्या फोन न्हाय म्हणा की," सर्जेराव म्हणाले.

"नाही."

"बरं तर. ठिवतो. म्हशी खोळंबल्यात."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी फोनजवळ बसलो होतो. सात वाजले. आपण होऊन, काही काम नसताना, मी आयुष्यात क्वचितच कुणाला फोन केला असेल. समोरचा विचारेल, कशाला केलात, आणि माझ्याकडे उत्तर नसेल, ही भीती. नंबर लावून मी दोनदा खोडला. तिसऱ्यांदा लागला.

"काय ओ पाव्हणं? काय राह्यलं का सांगायचं?"

"नाही. सहज केला."

"सहज?" पलीकडे बादलीचा आवाज आला. "झोपलीया अजून. आज रविवार न्हवं का. उठवू?"

तिचा आवाज ऐकायला मी सकाळपासून बसलो होतो.

"नको," मी म्हणालो. "झोपू द्या."